दोन ठिपक्यांची डिस्क

इशरत होडेकरला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या संस्थेच्या जिन्यात. खालच्या मजल्यावर नेहमीसारखं बर्फाचं पाणी साचलं होतं, म्हणून तिने चपला काढून एका हातात धरल्या होत्या. दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ते तिने तान्हं मूल धरावं तसं छातीशी धरलं होतं.

"वायरलेसची खोली हीच ना गो?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं. मी भाविका शिवलकर, मिरकरवाड्यातल्या आमच्या मच्छीमार संस्थेच्या वायरलेस खोलीत बसते. समुद्रात गेलेल्या ट्रॉलरांशी बोलायचं, हवामानाचा इशारा सांगायचा, कोणाच्या घरचा निरोप असेल तर पोचवायचा, हे माझं काम. एका जुन्या अपघातानंतर संस्थेने ठरवलं की वायरलेसवरचं सगळं बोलणं साठवून ठेवायचं. त्यासाठी मशीन बसवायला इशरत आली होती. टॉवेलात दोन हार्ड डिस्क होत्या.

ती राजिवड्याची, आमच्याच गावातल्या दुसऱ्या मच्छीमार वस्तीतली. वडील जाळी दुरुस्त करायचे. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून ती नवी मुंबईला एका मोठ्या डेटा सेंटरमध्ये आठेक वर्षं होती. आई वारली, मागोमाग वडिलांची तब्येत ढासळली, तशी नोकरी सोडून घरी आली. इथे एक हॉस्पिटल, एक-दोन कॉलेजं, एक काजूचा कारखाना यांची मशीनं ती सांभाळायची. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कोणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच म्हणायची आणि विषय संपायचा.

त्या दिवशी तिने मला दोन्ही डिस्क दाखवल्या. एकीवर पांढऱ्या रंगाचा एक ठिपका, दुसरीवर दोन.

"एकच गोष्ट दोन्हीवर लिहिली जाणार," ती म्हणाली. "एक मेली तर दुसरी आहे."

"आणि मशीनला कसं कळतं, ह्या दोघी जोडीच्या म्हणून?"

लोक असं विचारत नाहीत बहुतेक. ती माझ्याकडे जरा निरखून पाहत राहिली, मग खुर्ची ओढून बसली.

"पूर्वी लिनक्सचा, म्हणजे मशीन चालवणाऱ्या प्रणालीचा, गाभाच सुरू होताना डिस्कवरची खूण बघून जोड्या लावायचा. आता ते काम वेगळं आहे. मशीन चालू झालं की आधी एक छोटी तात्पुरती व्यवस्था मेमरीत उघडते. खरं घर अजून बंद असतं, आणि किल्ली तिच्याकडे असते असं समज. एकेक डिस्क जागी झाली की ही तिला विचारते, तू कुठल्या जोडीतली? प्रत्येक डिस्कवर ठरलेल्या जागी ते लिहिलेलं असतं. जोडीचं नाव, तिचा नंबर, शेवटचं काही लिहिलं गेलं ती वेळ, आणि एक आकडा. जोडीत काही बदल झाला की तो आकडा वाढत जातो. दोघींचा आकडा जुळला की जोडी उभी राहते, आणि मग घर उघडतं."

"नाही जुळला तर?"

"जिचा मागे, ती बाहेर. धडधाकट असली तरी."

"आणि एकच जागी झाली तर?"

"थोडा वेळ वाट बघते. मग एकटीवर भागवते."

हे सगळं मला तेव्हा नीट समजलं असं नाही. पण ती बोलायची ते लक्षात राहायचं, कारण ती कमी बोलायची.

तिचा धाकटा भाऊ झैन. दोघांत बरंच अंतर होतं, म्हणजे आई गेल्यावर इशरतनेच त्याला वाढवला. त्याने शिकावं म्हणून तिने जिवाचं रान केलं. पण त्याचं मन इंजिनात. शेवटी तो 'दर्याबहार' या ट्रॉलरवर ड्रायव्हर म्हणून लागला. बोटीवर इंजिन सांभाळणाऱ्याला ड्रायव्हर म्हणतात. तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, होते भिवाकाका, मिरकरवाड्यातले जुने जाणते खारवी. इशरत स्वतः जाऊन त्यांच्या घरी बसली होती म्हणे, आणि भिवाकाकांनी तिला सांगितलं होतं, "पोरी, तुझो भाव तो माझो झील. जा बिनघोर." झील म्हणजे मुलगा.

झैनला वायरलेसवर बोलायची भारी हौस. भिवाकाकांचं बोलणं संपायच्या आत मागून त्याचा आवाज यायचा.

"भाविकाताय, आपाला सांग मी जेवलो म्हणून. नायतर ती फोन करून करून टॉवर पाडील. ओव्हर."

मी इशरतला तो निरोप द्यायची. ती हसायची नाही, पण फोन लगेच ठेवायचीही नाही.

त्या वर्षी जूनमध्ये वडिलांना घेऊन ती मुंबईला गेली. घशाचा कॅन्सर निघाला होता. उपचार लांबले, ती तिकडेच भाड्याच्या खोलीत राहिली. इकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असताना संस्थेने वायरलेस खोलीचं छप्पर दुरुस्त करून घेतलं. तेवढ्यासाठी मशीन एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात हलवलं. हलवताना आत कुठेतरी एक केबल ढिली झाली आणि एक ठिपक्याची डिस्क जोडीतून बाहेर पडली. हे नंतर कळलं. तेव्हा मशीन दोन ठिपक्यांच्या डिस्कवर नेहमीसारखं चालत राहिलं. जोडी तुटल्याची तक्रार ते रोज करत होतं, पण ती जात होती त्याच्या स्वतःच्या पोटातल्या एका टपालपेटीत, जी आमच्यापैकी कोणी उघडत नव्हतं. इशरत इथे असती तर तिने उघडली असती.

ऑगस्टमध्ये बोटी गेल्या. हंगाम बरा होता. आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला समुद्रात वादळ उठलं.

इशारा आम्ही वेळेत दिला होता. बहुतेक बोटी जयगडच्या खाडीत शिरल्या, काही इथे आल्या. 'दर्याबहार'ही परत फिरली होती, पण तिच्या पंख्यात कोणाच्या तरी तुटक्या जाळ्याचा दोर अडकला. भिवाकाका शेवटपर्यंत माझ्याशी बोलत होते. काय बोलले ते मी इथे लिहिणार नाही. ते पोलिसांकडे दिलेल्या रेकॉर्डिंगच्या तुकड्यात आहे, ज्यांना ऐकायचं होतं त्यांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी एका बोटीला दोन खलाशी सापडले, रिकाम्या कॅनना धरून तरंगत असलेले. बाकीचे मिळाले नाहीत. भिवाकाका नाहीत, झैन नाही.

इशरत वडिलांना घेऊन मुंबईहून आली. चार दिवस ती जेटीवर उभी होती. माझ्याकडे आली नाही. मी तिच्याकडे गेले तेव्हा तिने मला पाणी दिलं आणि विचारलं, "तो जेवला होता का गो त्या दिवशी?"

मला माहीत नव्हतं. मी माहीत नाही म्हणून सांगितलं.

राजिवड्यातल्या जाणत्या माणसांनी वडिलांना सुचवलं की मय्यत मिळाली नाही तरी गायबाना जनाज्याची नमाज पढता येते. वडिलांचा आवाज उपचारांत जवळजवळ गेला होता. त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. पोरगा कुठल्या तरी किनाऱ्याला लागला असेल, ओमानच्या बोटीने उचलला असेल, असं त्यांच्या मनात होतं. इशरतने त्यांना विरोध केला नाही. आमच्या मशीनचं काम आपल्याला यापुढे जमणार नाही, असा निरोप तिने संस्थेला पाठवला. संस्थेने मारुती मंदिराजवळ कॅमेऱ्यांचं आणि कॉम्प्युटरचं दुकान असलेल्या सूरजला ते काम दिलं. सूरज भला माणूस. मशीन चालू आहे ना, मग कशाला हात लावा, असा त्याचा हिशोब, आणि तो चूक म्हणता येत नाही.

भिवाकाकांच्या घरी दर्भाचा पुतळा करून विधी झाले. त्यानंतर काही दिवसांनी त्यांची बायको, मथुराकाकी, जिना चढून वर आली. धापा टाकत बाकावर बसली.

"भाविका, तुझ्या पेटीत त्यांचं बोलणं हाय ना?"

मला वाटलं तिला तो शेवटचा तुकडा ऐकायचा आहे. मी घाबरले.

"ता नको," ती म्हणाली. "ता मी ऐकलंय. दुसरं. रोजचं बोलायचे ता."

मी ऑक्टोबरमधला एक दिवस काढला. भिवाकाका बर्फ किती उरलाय ते सांगत होते. मग बांगडा आहे, पण बारीक आहे, असं काहीसं. मग, "आमच्या घरी सांग, गुडघ्याचा तेल कपाटात मागल्या बाजूस ठेवलंय, सापडायचा नाय तिला. ओव्हर." काकी डोळे मिटून ऐकत होती. तेल तिला तेव्हा सापडलं होतं, असं तिने मला सांगितलं.

त्यानंतर ती आठवड्यातून एकदा यायची. मासळी विकून झाली की हात धुऊन वर यायची, एक दिवस ऐकायची, जायची. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंतचं होतं ते सगळं. त्याआधीची बोलणी संस्था दर उन्हाळ्याच्या शेवटी पुसून टाकायची, जागा पुरावी म्हणून. या साध्या बोलण्याची वेगळी प्रत करून ठेवावी, हे कोणाला सुचलं नाही. अपघाताच्या तुकड्याच्या चार प्रती होत्या.

मे महिन्यात एका दुपारी गडगडाट झाला आणि आमच्या टॉवरच्या आसपास कुठेतरी वीज पडली. वायरलेसचा संच वाचला. लाइट गेली ती दुसऱ्या दिवशी आली. मी मशीन चालू केलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ काळ्या पडद्यावर काही हललं नाही. मग एकदम चालू झालं, आणि मला बरं वाटलं.

त्याच दिवशी काकी आली. मी बोलणी असलेली जागा उघडली. शेवटची नोंद गेल्या जूनची होती. खाली काही नाही. ऑगस्ट नाही, ऑक्टोबर नाही, नोव्हेंबर नाही. पडद्यामागचं चित्रही मी दिवाळीत बदललं होतं ते गेलेलं, जुनं आलेलं. मशीन जणू गेल्या जूनमध्ये झोपलं होतं आणि आत्ता उठलं होतं.

"काय झालं गो?" काकीने विचारलं.

"मशीन बिघडलंय काकी. उद्या ये," मी म्हटलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, आणि उतरून गेली.

सूरज दुसऱ्या दिवशी सकाळी आला. त्याने पेटी उघडली, आत टॉर्च मारली. दोन ठिपक्यांच्या डिस्कची वीज येते ती पिन खाऱ्या हवेने काळी पडली होती. विजेच्या धक्क्याने उरलंसुरलं कामही केलं असणार. त्याने दुसरी वायर ओढून तिला लावली, मशीन चालू असतानाच. डिस्क गुरगुरली आणि फिरायला लागली.

"ही बघ, ही झोपली होती," तो म्हणाला. "म्हणून एकटीवर चाललं होतं. आता हिला जोडीत घेतो. तासाभरात दोन्ही सारख्या होतील."

त्याने आज्ञा दिली. मशीनने नकार दिला. सूरजने ओळ वाचली. "म्हणतंय, हिच्यावर जुनी खूण आहे, ती आधी पूस, मग घे." त्याने बोटं पुन्हा कीबोर्डवर ठेवली.

मला त्यातलं फार कळत होतं असं नाही. पण "सारख्या होतील" हे मला खटकलं. सारख्या म्हणजे कोणासारख्या? मी म्हटलं, "सूरज, जरा थांब. मी एक फोन करते."

इशरतने उचलला. मी जे दिसत होतं ते सांगितलं, जूनचं, पिनचं, पुसण्याचं. मग तिचा आवाज आला, इतका शांत की मला भीती वाटली.

"त्याला सांग, काही पुसू नको. काही जोडू नको. मशीन बंद करा आत्ताच्या आत्ता. मी येतेय."

सूरजने मशीन बंद केलं. तो रागावला नव्हता. "होडेकरबाई येतायत तर बरंच आहे," एवढंच म्हणाला आणि चहा सांगायला गेला.

ती आली. सहा महिन्यांत तिचे केस कानांजवळ पांढरे झाले होते. खोलीच्या दारात ती थांबली, कारण समोरच वायरलेसचा संच होता आणि त्यातून कुठल्या तरी बोटीचा कोणी पोरगा मोठ्याने हसत बोलत होता. मी आवाज कमी करायला गेले. "राहू दे," ती म्हणाली आणि आत आली.

दोन्ही डिस्क काढून तिने टेबलावर ठेवल्या. आपल्या लॅपटॉपला एकेक जोडली, फक्त वाचायला. काही लिहिलं जाणार नाही याची खात्री तिने आधी दोनदा करून घेतली. मग दोघींवरची खूण वाचली आणि सूरजला बोलावलं.

"बघ. ही एक ठिपक्याची. आकडा लहान. गेल्या जूनमध्ये बाहेर पडली, तेव्हाचंच हिला माहीत. काल दुसरी जागी झाली नाही, हिची ढिली केबल नेमकी टेकली होती, ही एकटी सापडली, म्हणून मशीनने हिच्यावर भागवलं. हिचा आकडा कालपासून पुन्हा थोडा वाढलाय. ही म्हणते, माझी जोडीदार गायब आहे."

"आणि ती?"

"तीही तेच म्हणते. माझी जोडीदार गायब आहे. पण ह्या दोन ठिपकेवालीचा आकडा खूप पुढे आहे. खरं वर्ष हिच्यावर आहे. तू हिची खूण पुसून हिला जोडीत घेतलं असतंस, तर जूनवालीने हिच्यावर सगळा जून लिहिला असता."

सूरजने कपाळावर हात मारला. "आईशप्पथ! मशीनच सांगत होतं पूस म्हणून."

"मशीनला एवढंच माहीत होतं की जी चालू आहे ती खरी. मीही नोकरीत नवी असताना एकदा असंच केलं असतं, बाजूला कोणी होतं म्हणून वाचले," ती म्हणाली. "तुझ्या दुकानात एवढ्या मोठ्या दोन कोऱ्या डिस्क आहेत?"

तो तसाच गाडी काढून गेला आणि घेऊन आला. आधी दोघींच्या जशाच्या तशा प्रती काढायच्या, मूळ डिस्कांना त्यानंतर हात लावायचा नाही, असं तिने ठरवलं. एक ठिपक्याची सरळ उतरली. दोन ठिपक्यांची मात्र मध्येच अडायची. विजेने की मिठाने, काही भाग वाचता येत नव्हता. प्रत काढणारा प्रोग्रॅम त्या जागा सोडून पुढे जायचा, मग परत मागे येऊन प्रयत्न करायचा. तिघं बसून बघत होतो. डिस्क मधूनच टक् टक् आवाज करायची, तेव्हा इशरत पुढे वाकून आकडे बघायची. संध्याकाळी तिने खोलीला कुलूप लावायला सांगितलं. "चालू दे तिला. बघत बसून लवकर होणार नाही." आणि ती वडिलांच्या औषधाची वेळ झाली म्हणून घरी गेली.

सकाळी प्रत झाली होती. थोडंसं गेलं होतं, कुठलं ते अजून कळत नव्हतं. तिने नुसत्या त्या प्रतीवरून अर्धी जोडी उभी केली, वाचण्यापुरती. महिन्यांची नावं पडद्यावर आली. ऑगस्ट. सप्टेंबर. ऑक्टोबर. नोव्हेंबर. सप्टेंबरमधले बरेच दिवस उघडत नव्हते, तिथेच डिस्क वाचता आली नव्हती. बाकी दिसत तर होतं.

"दिसतंय म्हणजे आहेच असं नाही," इशरत म्हणाली. "ऐकून बघायला हवं."

मी हेडफोन उचलले. "मी ऐकते. तू बाहेर बस."

तिने माझ्या हातातून हेडफोन घेतले. ऑक्टोबरमधली एक दुपार निवडली, कुठलीही. डोळे पडद्यावर. मला ऐकू येत नव्हतं, तिचा चेहरा तेवढा दिसत होता. मग तिने ओठ घट्ट मिटले, चष्मा काढला, आणि हेडफोन न काढता तसंच डोकं टेबलावर टेकलं. सूरज उठून गॅलरीत गेला. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिच्या पाठीतून हुंदके येत होते, आवाज नव्हता.

नंतर तिने मला सांगितलं. भिवाकाका डिझेलबद्दल बोलत होते आणि मागे झैन कोणाशी तरी भांडत होता, चटणीत मीठ कोणी जास्त टाकलं यावरून.

मथुराकाकीला मी बोलावून आणलं. दोघी बाकावर शेजारी शेजारी बसल्या आणि मी स्पीकर लावला. एकीला नवऱ्याचा आवाज, दुसरीला भावाचा. सप्टेंबरचं पुष्कळ गेलंय, हे इशरतने काकीला आधीच सांगून टाकलं. काकी म्हणाली, "असू दे गो. दर्यान जेवढा ठेवलान त्याच्यावर चालायचाच." मग तिने इशरतचा हात आपल्या मांडीवर घेतला. "तू येत नव्हतंस. मी तुझी वाट बघीत होतंय. त्यांनी तुला जबान दिली होती, ती मोडली. मला तुझ्यासमोर येवक् लाज वाटत होती."

"काकी, त्यांनी काय मोडली!" इशरत म्हणाली.

एक प्रत काकीच्या मुलीने मोबाइलवर घेतली. एक इशरतने घरी नेली. वडिलांना तिने ती लगेच ऐकवली नाही. आठवडाभर जवळ ठेवली, मग एका दुपारी ऐकवली. वडिलांनी ती पुन्हा लावायला सांगितली, आणि आणखी एकदा. तिसऱ्यांदा संपल्यावर त्यांनी बोटांनी हवेत खूण केली, दोन्ही हात कानांपाशी नेऊन खाली बांधले. तिला कळलं. त्या शुक्रवारी राजिवड्याच्या मशिदीत झैनच्या नावाने जनाज्याची नमाज झाली. भिवाकाकांचा थोरला जावई बाहेर रस्त्यावर उभा होता, डोक्यावर रुमाल बांधून.

आता मशीन परत नीट लावायचं होतं. दोन ठिपक्यांची डिस्क आता भरवशाची नव्हती, ती निवृत्त. तिच्या प्रतीची नवी डिस्क जोडीत पहिली. दुसरी कोण, तर एक ठिपक्याची अजून उत्तम होती; तिची प्रत इशरतने आधीच पुसून सूरजला परत केली होती. सूरज म्हणाला, "हिची खूण पुसू या, मग कोरी म्हणून घेऊ." हे बरोबरच होतं, इशरतनेच त्याला शिकवलं होतं. पण आज्ञा टाइप करून ती थांबली.

"हिच्यावर नोव्हेंबर नाही," ती म्हणाली. मला म्हणाली की स्वतःला, ठाऊक नाही. "हिच्यावर सगळे आहेत अजून."

सूरज म्हणाला, "बाई, मी दुसरी देतो दुकानातून. ही ठेवा तुम्ही."

तिने त्या ठिपक्यावरून बोट फिरवलं. मग, "नको. कोणी कधीतरी चुकून लावील आणि परत तेच होईल," म्हणाली आणि स्वतःच्या हाताने पुसली. मग तिला जोडीत घेतलं, आणि एकीवरचं सगळं दुसरीवर उतरेपर्यंत आम्ही जेवून घेतलं. तिच्या डब्यात सुकटीची चटणी होती.

आणखी एक काम तिने केलं. मशीन चालू होताना उघडणारी जी छोटी व्यवस्था, तिच्यात तिने चार ओळी घातल्या. दोन्ही डिस्क हजर नसतील, किंवा त्यांचे आकडे जुळत नसतील, तर आपल्या मनाने पुढे जायचं नाही. थांबायचं, पडद्यावर तसं लिहायचं आणि माणसाची वाट बघायची. आणि जोडी तुटली तर निरोप पोटातल्या पेटीत न ठेवता माझ्या, सूरजच्या आणि तिच्या फोनवर पाठवायचा.

संस्थेच्या बैठकीत यावर कुरबूर झाली. एक संचालक म्हणाले, "म्हणजे एक डिस्क गेली की रेकॉर्डिंग बंद? मग दोन ठेवून उपयोग काय?"

"चालू असताना एक गेली तर बंद पडणार नाही," इशरत म्हणाली. "बंद होऊन परत चालू होताना अर्धीच जागी झाली, तर तेवढंच थांबेल. भाविका येऊन बघेल. थांबलेलं मशीन दिसतं. चुकीचं चालणारं दिसत नाही. ती डिस्क बाहेर पडल्याला जवळजवळ वर्ष झालं होतं आणि तुम्हाला कोणालाही कळलं नव्हतं. मलाही नाही."

ठराव झाला. मे संपला की बोलणी पुसायची, तो नियमही त्याच बैठकीत रद्द केला, आणि मोठ्या डिस्क घ्यायचं ठरलं.

वडील पुढच्या पावसाळ्यात गेले. इशरत राजिवड्याच्या घरात एकटी राहते. काकीच्या घरी येणं-जाणं आहे, ईदला शीरखुर्म्याचा डबा येतो आणि होळीला पुरणपोळ्या जातात. मधल्या काळात केळशीच्या आणि मंडणगडच्या एकदोन संस्थांनी तिला बोलावलं, तशी ती एसटीने जाऊन आली. कोणी घाईने आज्ञा देताना दिसलं की ती त्याचा हात धरते, खरोखरच धरते, मनगटापाशी.

ते शेवटचं बोलणं, पोलिसांकडे दिलेलं, तिने अजून ऐकलेलं नाही. मी एकदा विचारलं. म्हणाली, "आहे ना जागेवर?" मी म्हटलं, आहे. "मग राहू दे."

परवा ती वर आली होती, पिना तपासायला. खाऱ्या हवेत त्या दर काही महिन्यांनी पुसाव्या लागतात. मी तिला चहा दिला. जेटीवर लिलाव चालला होता, बायका ओरडत होत्या. तेवढ्यात एका बोटीवरून निरोप आला, घरी सांगा, संध्याकाळपर्यंत येतोय, भात जास्त टाका. मी त्या घरचा नंबर शोधत होते. इशरतने ओला कपडा खाली ठेवला, आपला फोन काढला आणि म्हणाली, "सांग नंबर. मी कळवते."